खोकून दाखवा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा औषधांचं दुकान चालवतो. गल्लीत त्याला सगळे ‘रिसेप्टर’ म्हणतात, आणि लोक आपल्याला तसं मानाने म्हणतात अशी त्याची समजूत आहे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कारण नातं तसं आहे. इथे मात्र मी अरे-तुरेवरच येणार आहे. छत्तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर एवढी सवलत मला मिळायला हरकत नाही.

दिसायला माणूस अगदी बेताचा. डोक्यावरचे उरलेले केस एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ओढून बसवलेले, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की तुम्हाला जे कळत नाही ते मला कळतं, पण मी तुमच्यावर रागावणार नाही. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता गळ्याकडे बघतो. नवीन माणूस बिचारा शर्टाची गुंडी तपासतो. दुकान न्हाव्याच्या आणि शिंप्याच्या दुकानांच्या मधोमध कोंबलेलं आहे, आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. आणि लोक थांबतात, हे मला मान्य करायला पाहिजे. शिंपी तर हातातलं काम टाकून येऊन थांबतो. करमणूक कोणाला नको असते?

या करमणुकीचं मूळ बारा वर्षांपूर्वीचं आहे. कुठल्याशा औषध कंपनीने दुकानदारांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. दोन्ही वेळचं जेवण, गळ्यात नावाची पट्टी आणि शेवटी प्रमाणपत्र. हा तिथून परतला तो रिसेप्टर हा शब्द आणि एक प्लॅस्टिकचा मेंदू घेऊन. त्या दोन दिवसांच्या शिदोरीवर त्याने पुढची बारा वर्षं काढली. दुसरं पुस्तक उघडलं नाही, उघडायची गरज वाटली नाही.

तो मेंदू गल्ल्याशेजारी ठेवलेला असतो. त्याचे आठ तुकडे निघतात. एकदा फडकं मारताना तो खाली पडला आणि मानेकडे उतरणारा देठाचा तुकडा घरंगळत जाऊन गटारात पडला. दुसऱ्या कोणी मेंदू फेकून दिला असता. याने देठाच्या जागी एका जुन्या बाटलीचं बूच दाबून बसवलं. आता खोकल्याचा हुकूम सुटतो तो नेमका मेंदूच्या देठातून. म्हणजे गेली कित्येक वर्षं हा गृहस्थ लोकांना पेनाच्या टोकाने बूच दाखवून सांगतो आहे, “हे बघा, हे तुमच्या खोकल्याचं ऑफिस.”

त्याचं व्याख्यान मला पाठ आहे. त्या गल्लीत सगळ्यांनाच पाठ आहे.

“श्वासनळीत मज्जातंतूंची टोकं असतात. धूळ गेली, कफ साठला, की ती चाळवतात. तिथून तार जाते वर, इथे ऑफिसात. ऑफिस हुकूम सोडतं. घशाचं दार मिटा, छातीचे स्नायू आवळा, आता दार एकदम उघडा. झाला खोकला. आता हे औषध काय करतं? घशाला हात लावत नाही. कफाला हात लावत नाही. पोटातून रक्तात, रक्तातून थेट ऑफिसात. तिथल्या पेशींवर रिसेप्टर असतात. कुलपं म्हणा ना. औषध म्हणजे किल्ली. किल्ली कुलपात बसली की ऑफिस सुस्तावतं. खालून तार येतेय, येतेय, पण हुकूम सुटत नाही.”

मग तो किल्ल्यांचे प्रकार सांगतो. कोडीनची, म्हणजे खोकला दाबणाऱ्या अफूच्या औषधाची, किल्ली कुठल्या कुलपात बसते, तर ‘म्यू’ नावाच्या. हे म्यू म्हणताना तो ओठांचा असा चंबू करतो की न्हाव्याने एकदा विचारलं होतं, मांजर पाळलंय का. कोडीनचा काही भाग यकृतात गेला की त्याचं मॉर्फिन होतं आणि ते त्या कुलपात आणखी घट्ट बसतं. साध्या खोकल्याच्या बाटलीतलं दुसरं औषध याच घराण्यातलं, पण त्याची कुलपं वेगळी. हे सगळं ऐकून गिऱ्हाईक मान डोलावतं आणि खोकतं.

माझा संताप होतो तो याचा की त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. हा पोपट सगळं खरं बोलतो आणि त्यातलं काहीही त्याला कळलेलं नसतं. खोकला म्हणजे त्याला एक आवाज वाटतो, शेजारच्या घरात कोणी खिळे ठोकावेत तसा. तो बंद झाला की काम झालं. त्या आवाजाखाली एक छाती असते, तिला आतली घाण बाहेर काढायची असते आणि त्यासाठी तिच्याकडे हा एकच उपाय असतो, हे त्याच्या प्लॅस्टिकच्या मेंदूत कुठे लिहिलेलं नाही.

आणि आता त्याची परीक्षा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. गिऱ्हाईक खोकला म्हणालं की हा चष्मा काढतो, डोळे मिटतो, डावा हात वर धरतो आणि म्हणतो, “खोकून दाखवा.” माणूस खोकतो. “पुन्हा.” पुन्हा खोकतो. “आणखी एकदा, मोकळेपणाने.” तिसऱ्यांदा झाल्यावर हा क्षणभर तसाच थांबतो, जणू काही गाणं संपलं आहे आणि सूर अजून हवेत आहे. मग निकाल लागतो. कोरडा किंवा ओला. ओल्याला कफ सुटायचं औषध, कोरड्याला दाबायचं. डोळे उघडे ठेवून त्या माणसाचा रुमाल बघणं, ताप बघणं, नखं बघणं, किती दिवस झाले ते विचारणं, असले हलके उद्योग तो करत नाही. कोडीन मात्र तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणाला देत नाही. तेवढा तो कायद्याला घाबरतो. घरच्या माणसांना कायदा लागू नसतो असं त्याचं मत होतं.

आमची आई त्याच्या घरी राहते. मी लग्न केलं नाही. नोकरीत असताना माझ्या ड्युट्या आज सकाळी, उद्या रात्री, त्यामुळे वडील गेल्यावर आई धाकटीकडे गेली आणि पुढे तिथलीच झाली. मी दर रविवारी जात असे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याच्याकडची चार माणसं जेवायला होती. जेवणं झाल्यावर याचं कोडीनपुराण सुरू झालं. मी इतकंच म्हटलं, की कफ असेल तर खोकला दाबू नये, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतात. तो त्याचं ते शांत हसू हसला.

“ताई, नर्सला औषध कसं द्यायचं ते माहीत असतं. ते का लागू पडतं, हे माहीत असायची गरज नसते.”

त्याच्याकडची चारही माणसं हसली. आई खाली बघत होती. मी हात धुतले, चपला घातल्या आणि जिन्यात धाकटीला सांगितलं की या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. आणि चढले नाही. माझ्या घरून त्यांच्या घरी बसने पंचवीस मिनिटं लागतात. त्याऐवजी मी आईला रोज सकाळी अकरा वाजता फोन करू लागले. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही, आणि याचा मला अभिमान होता.

आई एक्क्याऐंशी वर्षांची झाली तेव्हा तिला खोकला लागला. फोनवर पहिल्याच दिवशी मी तो ऐकला. खोल होता, आणि शेवटाला घरघर होती. असा खोकला मी हजारो वेळा ऐकला आहे.

“आई, कफ आहे. वाफ घे, दिवसातून तीनदा. पाठीला उशा लावून बसून राहा, आडवी पडू नकोस. आलेला कफ गिळायचा नाही, भांड्यात टाकायचा आणि रंग बघायचा. ताप लिहून ठेव. भरपूर पाणी पी. कळलं?”

“हो,” आई म्हणाली. आई मला नेहमी हो म्हणते.

मग धाकटीने फोन घेतला. “ताई, काळजी करू नकोस. ह्यांनी तपासलं. कोरडा आहे म्हणाले.”

“कोरडा? मला इथे फोनवर घरघर ऐकू येतेय.”

“अगं, ते रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर तिच्यासमोर बसतात. तीन-तीनदा ऐकतात. तू फोनवर ऐकणार आणि ते समोर बसून ऐकतात, यात फरक नाही का?”

“मग बसा ऐकत,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता मी काय करायला हवं होतं, हे कोणीही सांगेल. बस पकडायची, पंचवीस मिनिटं बसायचं, जिना चढायचा आणि आईच्या पाठीला कान लावायचा. मी ते केलं नाही. त्या माणसाच्या दारात उभं राहून, त्याचं ते हसू बघत, “मला आत येऊ द्या” म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी मनाशी म्हटलं, काय देणार आहे हा, एखादी गोड बाटली देईल, आणि चार दिवसांत याचं पितळ उघडं पडेल. खरं सांगते, ते उघडं पडावं अशी माझी इच्छाही होती.

पाच दिवसांनी आईचा खोकला कमी झाला. आठव्या दिवशी फोनवर एकदाही खोकली नाही. धाकटी म्हणाली, “बघितलंस?” माझे कान दुखेपर्यंत मी फोन दाबून ऐकत होते आणि खरंच खोकला नव्हता. एवढ्या वर्षांच्या अनुभवाला त्या रिसेप्टरने खोटं पाडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

त्याच फोनवर आई म्हणाली, “चार दिवस पोट साफ होत नाहीये.”

“पाणी पीत नसशील. बसून राहतेस. घरातल्या घरात दहा फेऱ्या मार.”

“झोप फार येते गं. आत्ताही डोळे मिटतायत.”

“खोकल्याने रात्रभर जागी होतीस इतके दिवस. ती झोप भरून निघतेय. या वयात होतं.”

“हो,” आई म्हणाली.

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण ते माझ्या तोंडून गेलेलं आहे. पुढचे तीन दिवस अकराच्या फोनला धाकटीच आली. झोपलीय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी पण झोपलीय. तिसऱ्या दिवशी, “उठवलं तर ‘हं’ म्हणते आणि परत झोपते. छान शांत झोप लागलीय, किती दिवसांनी.” फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मी गॅस पेटवला. चहाचं आधण ठेवलं. आणि तिथे उभ्या उभ्या मला पोट, झोप आणि गप्प पडलेला खोकला एका ओळीत दिसले. हे कोडीनचं काम होतं. म्यूची कुलपं काही फक्त खोकल्याच्या ऑफिसात नसतात. ती आतड्यांवर असतात, म्हणून पोट गच्च होतं. ती श्वास चालवणाऱ्या केंद्रावरही असतात. मी गॅस बंद केला आणि पर्स घेऊन निघाले.

त्यांच्या घरात शिरले तेव्हा बारा वाजत आले होते. हा जेवायला घरी आला होता. मला बघून तो टेबलावरून अर्धा उठला.

“या ताई, या. बघा तुमच्या आईला. एकदम शांत.”

आई खिडकीजवळच्या पलंगावर पाठीवर आडवी होती. पडदे ओढलेले होते, कारण झोपमोड नको. ओठांचा रंग जांभळट होता. मी घड्याळ समोर धरून श्वास मोजले. मिनिटाला आठ. कपाळ तापलेलं होतं. पापणी वर केली. त्या अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी व्हायला हवी, ती मोहरीएवढी होती. मी तिला कुशीवर वळवून पाठीला कान लावला. उजव्या बाजूला खालपर्यंत बुडबुडे फुटत होते, आणि अगदी तळाशी तर काहीच ऐकू येत नव्हतं.

“काय दिलंत?” मी विचारलं.

“कोडीन. पहिल्यांदा एक चमचा, तीन वेळा. मग थोडा खोकला राहिला होता म्हणून दोन चमचे, चार वेळा.” हे तो सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात अजून शिबिराचा सूर होता. मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या गळ्याऐवजी डोळ्यांत बघत होता. “थांबला ना पण खोकला, ताई.”

“अँब्युलन्स बोलवा,” मी म्हटलं. तो फोन हातात घेऊन उभाच राहिला. नंबर धाकटीने लावला. बारा वर्षं किल्ल्या आणि कुलपं सांगणाऱ्या माणसाला साधा नंबर आठवला नाही.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या हाताखाली शिकली असती अशा वयाची. तिने बाहुल्या बघितल्या, छाती ऐकली, बाटली बघितली, आणि एका शब्दाचंही व्याख्यान न देता शिरेतून उताऱ्याचं औषध द्यायला सुरुवात केली. हे औषध त्याच कुलपात बसतं, कोडीनपेक्षा घट्ट, पण कुलूप फिरवत नाही. आत बसलेल्याला नुसतं बाहेर ढकलतं. मी आईचं मनगट धरून उभी होते. धाकटी भिंतीला टेकली होती. हा दाराशी होता.

दोन मिनिटं झाली असतील. आईचा श्वास भराभर व्हायला लागला. डोळे उघडले. आणि मग ती खोकली. सगळं अंग पलंगावरून उचललं जावं इतक्या जोराने खोकली, पुन्हा खोकली, थांबेचना. मी भांडं पुढे केलं. गंजाच्या रंगाचा दाट कफ आला, आला, येतच राहिला. मी नोकरीत इतकी वर्षं तसली भांडी धरली, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र तो घाणेरडा आवाज थांबू नये म्हणून मी मनात कोणाकोणाला हात जोडत होते.

“हा खोकला कोणी दाबला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मला वाटलं, आता हा यकृतावर ढकलेल, मूत्रपिंडावर ढकलेल, कंपनीवर ढकलेल. माझी जीभ तयार होती. दोन वर्षांचं साठवलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

“मी,” तो म्हणाला. “मी दिलं. मला कोरडा वाटला.”

एवढंच म्हणाला. त्यामुळे माझी पंचाईत झाली. जो माणूस स्वतःच मान पुढे करतो त्याच्यावर सुरी चालवायला मजा येत नाही. तरी मी म्हटलं, “फोनवर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कफ आहे म्हणून. मी नर्स होते, छत्तीस वर्षं.”

“अच्छा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे जरा आदराने बघितलं. “मग पोट गच्च होणं, दिवसा गुंगी, हे तुम्हाला कोणी कळवलं नाही का?”

“सांगितलं होतं ना,” धाकटी म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती, ती फक्त प्रश्नाचं उत्तर देत होती. “आईने सांगितलं होतं ताईला. ताई म्हणाली, पाणी पी.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी भांडं धुवायला गेले. ते काम माझं नव्हतं, तिथे त्यासाठी माणूस होता.

आई नऊ दिवस हॉस्पिटलात होती. चौथ्या दिवशी तिचा प्राणवायू काढला आणि ती नीट बोलू लागली. तेव्हा मी तिला विचारलं, की तुझ्या छातीत एवढा कफ असताना त्या शहाण्याला तो तीनतीनदा ऐकून कोरडा कसा वाटला?

आई थोडी संकोचली. “ते पाच वाजता दुकानातून येतात. आल्यावर चहाआधी माझा खोकला ऐकायचे. म्हणून मी पावणेपाचला न्हाणीघरात जायची. नळ सोडायचा आणि सगळं खोकून काढून टाकायचं. छाती मोकळी झाली की मग त्यांच्यासमोर यायचं.”

“का?”

“जावई आहेत. त्यांच्यापुढे बसून कफ काढायचा? बरं दिसतं का ते?” ती म्हणाली. “मग त्यांच्यासमोर खोकला अगदी कोरडा यायचा. ते म्हणायचे, छान, स्वच्छ आहे. मला बरं वाटायचं.”

“आणि औषध वाढवल्यावर?”

“मग न्हाणीघरात गेलं तरी वर काही येईना. मला वाटलं, संपला.”

मी खुर्चीवर मागे टेकले. म्हणजे रोज संध्याकाळी तो मूर्ख डोळे मिटून, हात वर धरून, पंधरा मिनिटांपूर्वी धुऊन-पुसून ठेवलेली छाती तपासत होता. एकदा डोळे उघडले असते, एकदा न्हाणीघराच्या नळाचा आवाज ऐकला असता, एकदा सासूला परीक्षेला न बसवता नुसतं विचारलं असतं, तर या नऊ दिवसांची वेळ आली नसती. इतका हुशार माणूस आणि एका म्हातारीने त्याला रोज चकवलं, तेही त्याला बरं वाटावं म्हणून.

या नऊ दिवसांत तो रोज दुपारी दुकान बंद करून यायचा. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा. एकदा त्याने मला हळूच सांगायचा प्रयत्न केला, की काहींच्या यकृतात कोडीनचं मॉर्फिन जास्त वेगाने होतं, आणि वयाने मूत्रपिंडं मंदावली की ते अंगात साठत जातं. मी म्हटलं, “तुम्हाला अजून हेच सुचतंय?” तो म्हणाला, “नाही, मी वाचलं. काल. पुस्तक आणलं.” बारा वर्षांनी पुस्तक आणलं, माणूस जाता जाता वाचल्यावर. मी तोंड फिरवलं.

आईला खोकला आला की मात्र तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, हातातलं भांडं मागे, तिच्या दिशेने धरून. आईने संकोच करू नये म्हणून. भांडं वाकडं धरायचा, दोनदा चादरीवर सांडलं. मी नर्सला सांगून चादर बदलून घेतली.

मी माझ्या घरी सगळी तयारी केली. माझी खोली आईसाठी रिकामी केली, पलंगाचं डोकं उंच केलं, वाफेचं भांडं आणलं, भिंतीवर औषधांचं वेळापत्रक लावलं, त्यात पाण्याचे पेलेसुद्धा तासागणिक लिहिले. घरी सोडायच्या दिवशी मी सकाळीच पोचले. आईचे कपडे मी पिशवीत भरले. धाकटी आणि तो जरा वेळाने आले, आणि तो चाकाची खुर्ची आणायला गेला.

“आई, माझ्याकडे जायचं,” मी म्हटलं. “टॅक्सी खाली उभी आहे. खोली तयार आहे. वाफेचं भांडं आणलंय, सकाळी सातला पहिली वाफ, मग—”

“मी त्यांच्याकडेच जाते,” आई म्हणाली.

मला वाटलं, तिला समजलं नसेल. “त्या माणसाने तुला जवळजवळ मारलं होतं.”

“हो. सांगितलं मला डॉक्टरांनी.”

“मग?”

आई बराच वेळ चादरीची घडी करत राहिली. ती घडी करायची गरज नव्हती. “ते मला रोज विचारायचे, कसं वाटतंय. आणि मग गप्प बसायचे. चुकीचं ऐकायचे गं, पण थांबून ऐकायचे. तू विचारतेस, आणि मी सांगायच्या आधी तू सांगायला लागतेस.” मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. “तू सांगतेस ते सगळं बरोबर असतं. लहानपणापासूनच. म्हणून तुझ्यासमोर मला आजारी पडायची भीती वाटते. मी बरी आहे असंच मला तुला सांगावंसं वाटतं.”

धाकटी खिडकीतून बाहेर बघायला लागली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं चार-पाच वाक्यांचं होतं, आणि त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. ते मी गिळलं. मला लाज वाटत होती, आणि ती त्या मूर्खामुळे वाटत होती, याची आणखी लाज वाटत होती.

तो खुर्ची घेऊन आला. आईला आम्ही दोघांनी धरून तिच्यात बसवलं. कपड्यांची पिशवी त्याने माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, “ताई, कधीही या. तुम्ही रोज येऊन बघत जा, मी काहीही देणार नाही.” तो मूर्ख आहे, हे माझं मत आजही तसंच आहे, त्यात काडीचाही बदल नाही.

मग तो खुर्ची ढकलायला लागला. खुर्ची हलेना. त्याने जोर लावला, चेहरा लाल केला, आईला पुढे वाकायला सांगितलं, धाकटीला बाजूला व्हायला सांगितलं. चाकाचा ब्रेक लावलेला होता आणि तो त्याच्या डोळ्यांसमोर होता. आई मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी खाली वाकले, ब्रेक काढला आणि त्यांना जाऊ दिलं.